शामोनीचं खोरं: एकाच नावाचे वेगवेगळे स्की-डोंगर आणि त्यांच्यातून वाट काढायची कशी

फ्रान्समधलं शामोनी हे स्कीइंगच्या जगातलं सर्वात प्रसिद्ध गावांपैकी एक. आल्प्समधलं सर्वोच्च शिखर, म्हणजे सुमारे ४,८०६ मीटर उंचीचं माँ ब्लाँ, या गावाच्या डोक्यावरच उभं आहे. आपल्याकडच्या पुस्तकांमध्ये ते 'माउंट ब्लँक' या नावानं भेटतं. १९२४ साली पहिलं हिवाळी ऑलिंपिक इथेच झालं. युरोपात शिकणारे किंवा नोकरी करणारे मराठी तरुण आता हिवाळ्याच्या सुट्टीत इथे जातात, आणि स्वित्झर्लंडला जाणारे पर्यटकही जिनिव्हाहून इथे फेरी मारतात.

पण पहिल्यांदा जाणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. हॉटेल शामोनीत घेतलेलं असतं, पासही 'शामोनीचा' असतो. नकाशावर दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर लिफ्टच्या रेघा दिसतात आणि वाटतं, एका टोकाला चढायचं आणि स्की करत दुसऱ्या टोकाला उतरायचं. प्रत्यक्षात तसं करता येत नाही. शामोनी हा एक सलग स्की-प्रदेश नाही. सुमारे २० किलोमीटरच्या खोऱ्यात वेगवेगळ्या डोंगरांवर पसरलेले हे वेगवेगळे भाग आहेत, आणि एकातून दुसऱ्यात जायचं तर बहुतेक वेळा खाली रस्त्यावर येऊन बस किंवा रेल्वे पकडावी लागते.

त्यामुळे इथे रोज सकाळी एकच प्रश्न सोडवायचा असतो: आज कोणता डोंगर? उत्तर चुकलं तर कधी अर्धा दिवस रांगेत जातो, कधी धुक्यात दिशा कळत नाही, आणि कधी माणूस आपल्या कुवतीबाहेरच्या उतारावर येऊन उभा राहतो.

आधी दिशा समजून घ्या

आर्व्ह नदी खोऱ्याच्या वरच्या, म्हणजे ईशान्येकडच्या टोकाला उगम पावते आणि नैऋत्येकडे वाहत जाते. गावं तिच्या काठानं एका ओळीत आहेत. सर्वात वर ल तूर, मग माँरोक, आर्जांतिएर, ले प्रा, मध्यावर शामोनी, पुढे बोसाँ आणि खालच्या बाजूला लेझ उश. ल तूरच्या जवळूनच 'कोल दे माँते' ही १,४६१ मीटर उंचीची खिंड ओलांडली की पलीकडे व्हालोर्सिन हे गाव लागतं. तिथून स्वित्झर्लंडची हद्द अगदी जवळ आहे.

शामोनीत दिशा हरवली तर नदीच्या पुलावर उभं राहा. पाणी जिकडे वाहतं तिकडे लेझ उश, पाणी जिकडून येतं तिकडे आर्जांतिएर आणि ल तूर.

आता आडवी दिशा. खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना डोंगरांच्या दोन भिंती आहेत. एका बाजूला माँ ब्लाँचा समूह, दुसऱ्या बाजूला 'एग्वी रूज', म्हणजे 'लाल सुळके'. गावाच्या चौकात जाक बाल्मा आणि शास्त्रज्ञ सोस्यूर यांचा पुतळा आहे. बाल्मा आणि डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार यांनी ८ ऑगस्ट १७८६ रोजी माँ ब्लाँ पहिल्यांदा सर केलं. पुतळ्यातल्या बाल्माचं बोट माँ ब्लाँकडे आहे. ज्या भिंतीकडे बोट आहे ती हिवाळ्यात सावलीची, तिच्या समोरची उन्हाची. बर्फ कसा मिळणार, हे पुष्कळसं या एका फरकावर ठरतं.

खोऱ्यातली भारतीय खूण

शामोनी आणि लेझ उश यांच्यामध्ये माँ ब्लाँच्या उतारावरून एक हिमनदी जिभेसारखी खाली लोंबताना दिसते. ती बोसाँ हिमनदी. दिशा ओळखायला ती चांगली खूण आहे, पण भारतीयांसाठी तिचं आणखी एक महत्त्व आहे.

३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान माँ ब्लाँवर कोसळलं आणि त्यातले सर्व ४८ जण मरण पावले. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचंच 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाला उतरण्याआधी याच डोंगरावर आदळलं. त्यात ११७ जण गेले. भारताच्या अणुकार्यक्रमाचे शिल्पकार डॉ. होमी भाभा त्यांपैकी एक होते. या विमानांचे अवशेष हिमनदीनं पोटात घेतले आणि ती हळूहळू सरकत असल्यामुळे काही दशकांनी ते खालच्या टोकाला बाहेर येऊ लागले. २०१२ मध्ये भारत सरकारच्या राजनैतिक टपालाची एक पिशवी सापडली, तर २०२० मध्ये १९६६ सालची भारतीय वर्तमानपत्रं मिळाली.

हे डोंगर जोडलेले का नाहीत?

फ्रान्समधल्याच 'थ्री व्हॅलीज' या प्रदेशात सुमारे ६०० किलोमीटरच्या स्कीच्या वाटा एकमेकींना जोडलेल्या आहेत. मग शामोनीत तसं का झालं नाही?

पहिलं कारण भूगोल. शामोनीचं खोरं खोल आणि अरुंद आहे. गाव १,०३५ मीटरवर, तर त्यावरचे सुळके साडेतीन-चार हजार मीटरवर. माँ ब्लाँच्या बाजूला दोन स्की-डोंगरांच्या मध्ये हिमनद्या आणि कडे येतात, आणि हिमनदी सतत सरकत असल्यामुळे तिच्यावर लिफ्टचे खांब रोवणं सोपं नसतं. दुसरं कारण संरक्षण. समोरच्या एग्वी रूजच्या मोठ्या भागाला १९७४ पासून राखीव निसर्गक्षेत्राचा दर्जा आहे, त्यामुळे तिथे मनाला येईल तशी लिफ्ट बांधता येत नाही. तिसरं कारण इतिहास. लिफ्ट गावागावानं, वेगवेगळ्या काळात उभ्या राहिल्या. आजही लेझ उशच्या लिफ्ट वेगळी कंपनी चालवते.

कोणता डोंगर कशासाठी?

*ब्रेव्हां–फ्लेजेर: उन्हाची बाजू*

हा भाग एग्वी रूजच्या उतारावर, माँ ब्लाँच्या बरोबर समोर आहे. चढायचे रस्ते दोन. शामोनी गावातूनच गोंडोलानं २,००० मीटरवरच्या प्लांप्राला जाता येतं आणि तिथून पुढच्या केबल कारनं २,५२५ मीटरवरच्या ब्रेव्हां शिखरावर. दुसरा रस्ता ले प्रा गावातून फ्लेजेरला जातो. ब्रेव्हां आणि फ्लेजेर यांच्यामध्ये दरीवरून जाणारी जोड-केबल कार आहे. शामोनीत दोन डोंगर वरच्या वर जोडल्याचं हे महत्त्वाचं उदाहरण. मात्र वारा सुटला की ही केबल कार बंद होते. मग ब्रेव्हांला चढलेला माणूस फ्लेजेरला अडकतो आणि ले प्रात उतरून बसनं शामोनीला परततो.

उतारांचं तोंड साधारण आग्नेयेकडे असल्यामुळे सकाळपासून ऊन मिळतं. जानेवारीच्या कडाक्यात हे सुख असतं. मार्च-एप्रिलमध्ये मात्र दुपारपर्यंत बर्फाचा चिखल होतो.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. इथून थेट गावापर्यंत उतरणाऱ्या वाटा अवघड आहेत आणि बर्फ कमी असेल तर बंदही असतात. बहुतेक लोक लिफ्टनंच खाली येतात. त्यामुळे शेवटची लिफ्ट किती वाजता आहे हे वर चढतानाच पाहून ठेवा.

*ग्राँ माँते: सावलीतला, उंच आणि अवघड*

हा डोंगर आर्जांतिएर गावाच्या वर, शामोनीपासून सुमारे ८ किलोमीटरवर आहे. उतारांचं तोंड वायव्येकडे आणि उंची जास्त, त्यामुळे बर्फ थंड आणि कोरडा राहतो. अनुभवी स्कीअरचा हा लाडका डोंगर. वाटा लांब आणि तीव्र आहेत. शिकाऊ माणसाला १,९७२ मीटरवरच्या लोन्याँ या मधल्या स्थानकाच्या वर फारसं काही हाती लागत नाही.

जुनी माहिती वाचून इथे जाणाऱ्यांची निराशा होऊ शकते. पूर्वी केबल कारनं थेट ३,२७५ मीटरपर्यंत जाता येत असे. सप्टेंबर २०१८ मध्ये लोन्याँ स्थानकाला आग लागली आणि शिखरापर्यंतची ती केबल कार त्यानंतर अनेक हंगाम बंदच राहिली. म्हणून इंटरनेटवरचे जुने व्हिडिओ पाहून बेत आखू नका. त्या दिवशी कोणत्या लिफ्ट सुरू आहेत, तेवढंच खरं.

नावातला सापळाही ओळखून ठेवा. 'ग्राँ माँते' हा स्की-डोंगर आणि 'कोल दे माँते' ही खिंड या दोन वेगळ्या जागा आहेत. बसमध्ये नुसतं 'माँते' म्हटलं तर घोटाळा होऊ शकतो.

*बाल्म: मोकळा आणि सौम्य*

खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला, शामोनीपासून सुमारे १२ किलोमीटरवर ल तूर हे छोटं गाव आहे. तिथून गोंडोलानं बाल्मच्या कुरणांवर जाता येतं. उन्हाळ्यात इथे गाई चरतात, हिवाळ्यात त्याच कुरणांचे रुंद, सौम्य उतार होतात. काही दिवस शिकून झालेल्या माणसाला आत्मविश्वास मिळवायला ही जागा उत्तम. माथ्यावरची २,१९१ मीटर उंचीची बाल्म खिंड म्हणजे थेट स्वित्झर्लंडची सीमा.

पलीकडच्या बाजूनं व्हालोर्सिनहूनही या डोंगरावर चढता येतं. तिथला गोंडोला रेल्वे स्थानकाच्या शेजारीच आहे आणि त्या उतारावर झाडीही आहे. ल तूरच्या बाजूला मात्र झाड जवळपास नाही. ढग उतरले की आकाश आणि बर्फ एकाच रंगाचे होतात, उतार कुठे संपतो ते कळत नाही. वाराही इथे मोकळा सुटतो.

*लेझ उश: झाडीतला आसरा*

खोऱ्याच्या खालच्या टोकाला, शामोनीपासून सात-आठ किलोमीटरवर लेझ उश आहे. इथून दोन लिफ्ट वर जातात, एक बेलव्ह्यूला आणि दुसरी प्रारियाँला. उंची सुमारे १,९०० मीटरच्या आसपास संपते, म्हणून ऊबदार हंगामात इथला बर्फ लवकर विरघळतो. पण बर्फ पडत असताना, वर सगळीकडे ढग असताना, हाच भाग कामाला येतो. वाटांच्या दोन्ही बाजूंना सूचिपर्णी झाडं आहेत. त्यामुळे वारा अडतो आणि नजरेला आधार मिळतो. कुटुंबांसाठी ही सोयीची जागा आहे.

इथेही नावाचा एक सापळा आहे. 'व्हेर्त' म्हणजे फ्रेंचमध्ये हिरवा, आणि फ्रान्समध्ये हिरवी वाट सर्वात सोपी. पण 'व्हेर्त देझ उश' ही वाट काळ्या दर्जाची, म्हणजे सर्वात अवघड वर्गातली आहे. विश्वचषकाच्या डाउनहिल शर्यती तिच्यावर होतात. वाट निवडताना नावावर जाऊ नका, फलकाचा रंग पाहा.

*अगदी नवशिक्यांसाठी*

ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्की पायात घातले आहेत, त्यांनी या मोठ्या डोंगरांवर जायची घाई करू नये. खोऱ्याच्या तळाला सराव-उतार आहेत: शामोनीत ल साव्ह्वा आणि ले प्लानार, आर्जांतिएरला ले शोझाले, ल तूरला ला व्होर्मीन. पहिले दोन-तीन दिवस इथेच जावेत. वेळ आणि पैसा, दोन्ही वाचतात.

एग्वी दु मिदी हा स्कीचा डोंगर नाही

शामोनीच्या प्रत्येक व्हिडिओत दिसणारी केबल कार म्हणजे एग्वी दु मिदी. १९५५ साली सुरू झालेली ही केबल कार गावातून २,३१७ मीटरवरच्या मधल्या स्थानकापर्यंत आणि तिथून जवळपास सुळक्याच्या टोकापर्यंत नेते. माथा आहे ३,८४२ मीटरवर. स्की न करणाऱ्यांसाठीही ही सहल आहे. मात्र थोड्या मिनिटांत सुमारे २,८०० मीटर चढल्यामुळे चक्कर येणं, धाप लागणं हे प्रकार होतात. लहान मुलं, हृदयविकार किंवा रक्तदाब असलेली माणसं बरोबर असतील तर आधी डॉक्टरांचा सल्ला घेतलेला बरा.

स्कीअर इथून 'व्हाले ब्लाँश' नावाच्या सुमारे २० किलोमीटरच्या उतरणीवर जातात. तिचं तांत्रिक अवघडपण खूप नाही असं ऐकून अनेक जण गाफील राहतात. ही आखलेली वाट नाही. तिच्यावर यंत्रानं बर्फ सपाट केलेला नसतो, खांब नसतात, गस्तही नसते. ती हिमनदीवरून जाते आणि हिमनदीत बर्फाच्या पातळ थराखाली दडलेल्या खोल भेगा असतात. सुरुवातीलाच एका अरुंद बर्फाळ धारेवरून दोर धरून उतरावं लागतं. इथे वाटाड्या घेऊनच जावं. शामोनीच्या वाटाड्यांची संघटना १८२१ सालापासून हेच काम करते आहे.

उतरण संपते मेर द ग्लास या हिमनदीपाशी. तिथून वर माँतांव्हेरला यायचं आणि १९०९ पासून धावणाऱ्या लाल रॅक रेल्वेनं गावात परतायचं, हा नेहमीचा क्रम. ही हिमनदी वेगानं खचत चालली आहे. पूर्वी रेल्वेपाशी पोहोचण्यासाठी शेकडो पायऱ्या चढाव्या लागत आणि दरवर्षी त्यांत भर पडे. २०२४ मध्ये नवा गोंडोला सुरू झाला तो याच कारणानं, हिमनदीच्या आणखी वरच्या भागात.

पास कोणता घ्यायचा?

मुख्य पर्याय दोन आहेत.

'शामोनी ल पास' हा साधा पास. त्यात ब्रेव्हां–फ्लेजेर, ग्राँ माँते, बाल्म आणि तळाचे सराव-उतार येतात. एग्वी दु मिदी आणि लेझ उश त्यात येत नाहीत. गावाच्या नावाचा पास घेतला म्हणजे सगळं आलं, असं समजून लेझ उशला गेलेला माणूस फाटकापाशी अडतो तो यामुळेच.

'माँ ब्लाँ अनलिमिटेड' हा मोठा आणि महाग पास. त्यात वरच्या सगळ्यासोबत लेझ उश, एग्वी दु मिदी, माँतांव्हेरची रेल्वे आणि इटलीतलं कुर्मायर यांचा समावेश असतो. कुर्मायरला जायचा रस्ता १९६५ साली सुरू झालेल्या, ११.६ किलोमीटर लांबीच्या माँ ब्लाँ बोगद्यातून जातो. पासाच्या अटी आणि दर दर हंगामाला बदलतात, म्हणून विकत घेण्याआधी त्या वर्षीची यादी वाचावी.

हिशेब सोपा आहे. हवामान स्वच्छ राहणार असेल आणि फक्त स्की करायचं असेल, तर साधा पास पुरतो. आठवडाभर राहणार असाल, हवामानाची खात्री नसेल आणि एग्वी दु मिदीही पाहायचं असेल, तर मोठा पास परवडतो. अगदी नवशिक्यानं दोन्ही घेऊ नयेत. सराव-उताराचं दिवसाचं तिकीट पुरे.

डोंगरापर्यंत पोहोचायचं कसं?

खोऱ्यात ये-जा करायला बस आणि 'माँ ब्लाँ एक्स्प्रेस' ही छोटी रेल्वे आहे. नाव एक्स्प्रेस असलं तरी ती गावागावात थांबते. १९०१ साली ती शामोनीपर्यंत आली. आज ती खालच्या सेंट-जर्व्हेपासून शामोनी, आर्जांतिएर, व्हालोर्सिन करत पुढे स्वित्झर्लंडच्या मार्टिन्यीपर्यंत जोडलेली आहे. हॉटेलात किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना यजमानाकडून पाहुण्यांचं कार्ड मिळतं. त्यावर खोऱ्यातल्या नेहमीच्या बस आणि रेल्वेचा प्रवास होतो. ते मागून घ्यायला विसरू नका.

कुठे काय पकडायचं, याचा ढोबळ हिशेब असा:

• ब्रेव्हां: शामोनीच्या मध्यातून चालत. चढ आहे, जड बूट घालून दहा-पंधरा मिनिटं धरा.
• फ्लेजेर: बसनं किंवा रेल्वेनं ले प्रा.
• ग्राँ माँते: बस लिफ्टच्या दारात सोडते. रेल्वेनं आर्जांतिएरला उतरलं तर थोडं चालावं लागतं.
• बाल्म: ल तूरच्या बाजूला बस जाते, रेल्वे जात नाही. रेल्वेनं जायचं तर व्हालोर्सिनला उतरा, गोंडोला समोरच आहे.
• लेझ उश: बसच बरी. रेल्वे स्थानक लिफ्टपासून दूर, नदीच्या पलीकडे आहे.

फेब्रुवारीत फ्रान्सच्या शाळांना सुट्ट्या असतात. तेव्हा सकाळी नऊच्या सुमाराला बस भरून येतात आणि पुढच्या थांब्यावरच्या लोकांना उभं राहायलाही जागा मिळत नाही. अर्धा तास लवकर निघणं हाच त्यावरचा उपाय.

सकाळी निर्णय कसा घ्यायचा?

आकाश स्वच्छ आणि कडाक्याची थंडी असेल, तर ब्रेव्हां–फ्लेजेर. ऊनही मिळतं आणि समोर माँ ब्लाँही दिसतं.

बर्फ पडतो आहे किंवा ढग खाली आले आहेत, तर लेझ उशची झाडी. दुसरा पर्याय व्हालोर्सिनच्या बाजूचा. अशा दिवशी बाल्मच्या माथ्यावर जाऊ नये.

बरेच दिवस नवा बर्फ पडलेला नाही, तर ग्राँ माँते, कारण सावलीत आणि उंचीवर बर्फ टिकतो.

वसंतातलं ऊन असेल, तर सकाळ ब्रेव्हां–फ्लेजेरला आणि दुपार ग्राँ माँतेला.

जोराचा वारा असेल, तर उंचावरच्या लिफ्ट आधी बंद होतात. अशा वेळी खालच्या भागातलं लेझ उश पाहावं.

लिफ्टच्या दारात फलक असतो. त्यावर 'उव्हेर' म्हणजे सुरू आणि 'फेर्मे' म्हणजे बंद. हे दोन शब्द ओळखता आले तरी बरंच काम होतं. हीच माहिती लिफ्ट कंपनीच्या अ‍ॅपवर सकाळी घरबसल्या दिसते. घरातून निघण्याआधी ती पाहिली तर ल तूरपर्यंतची फेरी वाया जात नाही.

खांबाच्या पलीकडे काय आहे?

फ्रान्समध्ये वाटांचे रंग चार: हिरवी सर्वात सोपी, मग निळी, लाल आणि काळी. वाटेच्या कडेला त्याच रंगाचे गोल फलक आणि खांब असतात. उतरताना उजव्या हाताच्या खांबांचा माथा नारिंगी असतो. धुक्यात वाटेची कोणती कड आपल्या बाजूला आहे, ते त्यावरून कळतं. फलकांवर क्रमांक असतात आणि खाली जाल तसा आकडा कमी होत जातो. अपघात झाला तर वाटेचं नाव आणि जवळच्या फलकाचा आकडा सांगितला की मदत नेमकी तिथे येते. आपत्कालीन क्रमांक ११२.

खांबांच्या आतल्या भागाची जबाबदारी डोंगराची व्यवस्था पाहणारे घेतात. खांब ओलांडला की ती जबाबदारी संपते. तिकडे कोणाच्या तरी स्कीचे ताजे माग दिसतात म्हणून ती वाट सुरक्षित ठरत नाही. ते माग एखाद्या कड्यावर जाऊनही संपू शकतात. हिमस्खलनाचा धोका युरोपात १ ते ५ या अंकांत सांगितला जातो आणि तो लिफ्टपाशी लावलेला असतो. आखलेल्या वाटेबाहेर जाणाऱ्याकडे हिमस्खलनात शोध लावणारा ट्रान्सीव्हर, फावडं आणि शोधकाठी हवी, ती वापरता यायला हवी आणि सोबत जाणकार माणूस हवा.

या धोक्याची आठवण खोऱ्यात ताजी आहे. ९ फेब्रुवारी १९९९ रोजी, कित्येक दिवसांच्या मोठ्या हिमवृष्टीनंतर, माँरोक या वस्तीवर हिमस्खलन कोसळलं आणि १२ जणांचा जीव गेला. ते स्की करत नव्हते, घरांमध्ये होते. म्हणून खोऱ्याच्या वरच्या भागातला रस्ता बंद केल्याची सूचना आली, तर तिथल्या कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नये. ल तूर, माँरोक, कोल दे माँते हा पट्टा बर्फासाठी प्रसिद्ध आहे आणि याच बर्फामुळे तो बंदही होतो.

विम्याबद्दलही एक महत्त्वाची गोष्ट. फ्रान्समध्ये आखलेल्या वाटेवरून जखमीला खाली आणण्याचा खर्च त्या व्यक्तीकडून घेतला जातो. भारतातून काढलेल्या साध्या प्रवास-विम्यात हिवाळी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात. पॉलिसीतला तो परिच्छेद निघण्याआधी वाचा. पास घेताना खिडकीवर 'कारे नेज' नावाचा स्की-विमाही मिळतो.

राहायचं कुठे?

डोंगर वेगवेगळे असल्यामुळे मुक्कामाचं गावही विचार करून निवडावं लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना, गट मोठा असेल तर किंवा काही जण स्की करणार नसतील तर, शामोनी गाव सोयीचं. खाणंपिणं, दुकानं, एग्वी दु मिदी, माँतांव्हेर आणि ब्रेव्हां सगळं चालत गाठता येतं. चांगलं स्की येणाऱ्यांनी आर्जांतिएर पाहावं. लहान मुलं असलेल्या कुटुंबांना लेझ उश मानवतं. शांतता हवी असेल आणि रेल्वेवर भिस्त ठेवायची तयारी असेल, तर व्हालोर्सिन.

सर्वात जवळचा मोठा विमानतळ स्वित्झर्लंडमधला जिनिव्हा, रस्त्यानं साधारण सव्वा ते दीड तासावर. फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली हे तिन्ही देश शेंगेन करारात असले तरी एका दिवसात सीमा ओलांडली जाऊ शकते. पासपोर्ट हॉटेलात न ठेवता बरोबर ठेवा. शामोनीत युरो चालतो, सीमेपलीकडे स्विस फ्रँक.

थोडक्यात

नदी कोणत्या दिशेला वाहते आणि ऊन कोणत्या भिंतीवर पडतं, हे कळलं की निम्मं खोरं कळलं. उरलेलं रोज सकाळी चार गोष्टी पाहून ठरवायचं: हवामान, सुरू असलेल्या लिफ्ट, आपल्या पासात तो डोंगर आहे का, आणि गटातल्या सर्वात कच्च्या माणसाला तो झेपेल का. चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर डोंगर बदलावा. बस पुढच्या थांब्यापर्यंत जातेच.